बछड्यांचा हिशोब

तुमच्याही नातेवाइकांच्या एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फोटो असणार. मागे सिमेंटचा धबधबा, नाहीतर बांबूचं कुंपण. बाकावर काका-काकू, काकूंच्या डोक्यावर नवीकोरी हॅट आणि दोघांच्या मांडीवर आडवं टाकलेलं वाघाचं पिल्लू. काकांच्या हातात दुधाची बाटली. खाली पन्नास अंगठे, दहा-बारा लाल बदाम आणि कुणीतरी हमखास लिहिलेलं, "वाघाच्या मांडीवर वाघ!"

हा लेख त्या फोटोच्या विरोधात आहे. काका-काकूंशी माझं भांडण नाही, कारण तसाच एक फोटो माझ्या वडिलांचाही आहे आणि तो काढला जात असताना मी दहा फुटांवर उभा होतो. माझं भांडण आहे ते तुमच्या-माझ्या वयाच्या लोकांशी. पंचविशी-तिशीतले, बऱ्या पगाराचे, आई-बाबांना पहिली परदेशवारी घडवणारे आपण. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये थायलंडने आपल्यासाठी व्हिसाची अट काढली आणि २०२४ मध्ये वीस लाखांहून जास्त भारतीय तिथे जाऊन आले. त्यातल्या कितीतरी सहलींचं कार्ड आपण स्वाइप केलेलं असतं, कार्यक्रमपत्रिका आपल्या ईमेलवर आलेली असते आणि त्यात 'वाइल्डलाइफ पार्क, संपूर्ण दिवस' ही ओळ आपण नजरेखालून घालून सोडून दिलेली असते. हवेशीर, शैक्षणिक, म्हाताऱ्यांना झेपणारं, लहान मुलांना आवडणारं. कुणाला काय आक्षेप असणार?

आम्ही सहा जण होतो. आई, बाबा, ताई, दाजी, त्यांची सहा वर्षांची चिऊ आणि मी. बाबा वीज मंडळातून निवृत्त झाले त्याला तीन वर्षं झाली. सांगलीहून त्यांची सगळ्यात लांबची सहल म्हणजे चारधाम. ही टूर दाजींनी ठरवली होती. पट्टाया आणि बँकॉक, पाच रात्री, सहा दिवस. चौथ्या दिवशी पार्क. त्याचं नाव लिहीत नाही, कारण मी जे पाहिलं ती काही त्या एकाच पार्काची खासियत नाही.

सकाळ छान गेली हे आधी सांगतो. मोकळ्या रानातून बस फिरत होती, झेब्रे रस्त्यात आडवे येत होते, पाणथळीत मोठाले करकोचे उभे होते. आईने जिराफाला गाजर भरवलं आणि त्याची जीभ काळी-निळी असते हे ती दिवसभर भेटेल त्याला सांगत होती. पांढरा वाघ पाहून चिऊ किंचाळली. (पांढऱ्या वाघाची गोष्टही काही फार चांगली नाही. १९५१ साली रीवाच्या महाराजांनी मोहन नावाचं पांढरं पिल्लू पकडलं आणि पुढे त्याचं प्रजनन त्याच्याच मुलीशी, राधाशी केलं. आज जगभर पिंजऱ्यात दिसणारे पांढरे वाघ बहुतेक त्याच घराण्यातले. तिरळे डोळे, वाकडे मणके हे त्या नात्यातल्या नात्यातल्या पैदाशीचं फळ.) दुपारी जेवायला जिरा राइस, पनीर, दालतडका, शिवाय जैन काउंटर. सगळे खूश.

जेवण झाल्यावर टूर मॅनेजर म्हणाला, "ज्यांना टायगर बेबी करायचंय त्यांनी इकडे या." फेशियल करायचंय म्हणतात तसं. तीनशे बाट, म्हणजे जवळपास आठशे रुपये. टोकन घ्यायचं, रांगेत उभं राहायचं, बूट काढून हात सॅनिटाइझ करायचे. चार बाक, चार बछडे. बहुतेक वेळ ते झोपलेले असत. गिऱ्हाईक बसलं की मागे उभा असलेला पोरगा पिल्लाच्या शेपटीच्या मुळाशी टिचकी मारी, बाटली पुढे करी, पिल्लू दोन घोट पिई, तेवढ्यात फोटो निघे आणि बाटली काढून घेतली जाई. पोट भरलेलं पिल्लू पुढच्या फोटोत बाटली कशाला तोंडात घेईल? त्यामुळे दूध असं दोन-दोन घोटांनीच.

चिऊने विचारलं, "ह्याची आई कुठंय?"

"आई जेवायला गेलीय बेटा, इंडियन लंचला," मॅनेजर म्हणाला. रांग हसली.

मी बाबांना म्हटलं, "बाबा, हे नको करूया."

"अरे, एवढ्या लांब आलोय. परत कधी येणार?"

ह्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसलेल्या माणसाला मी काय सांगणार होतो? ते टोकन घेऊन गेले. मी समोरच्या झाडाखाली बसलो आणि मोजायला लागलो. सवय. दिवसभर ऑफिसात डॅशबोर्डवर हेच करतो. पंचेचाळीस मिनिटांत अडतीस टोकनं गेली.

माझं काम असं आहे की एका सेकंदाला किती रिक्वेस्ट येतात आणि प्रत्येकीला किती वेळ लागतो हे पाहून किती सर्व्हर लागतील ते सांगायचं. त्यासाठी आम्ही एक साधा नियम वापरतो. १९६१ साली जॉन लिटल यांनी तो गणिताने सिद्ध केला म्हणून त्याला लिटलचा नियम म्हणतात. एखाद्या ठिकाणी सरासरी किती जण हजर असतात? आत येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा आत थांबण्याचा वेळ. अमृततुल्यात कधीही डोकावलात तर दहा माणसं दिसतात आणि प्रत्येक जण पाच मिनिटं थांबतो, तर मिनिटाला दोन माणसं आत येताहेत आणि अर्थात दोन बाहेर पडताहेत. आत कोण आहे, चहा कसा आहे, मालक कोण, हे काहीही माहीत नसलं तरी चालतं. फक्त मोजायचं.

आता बछडे मोजू. बाकांवर चार, आणि पाळी बदलायला आत निदान दोन धरू. म्हणजे कधीही गेलात तरी सहा. मांडीवर घेण्याजोगं पिल्लू किती दिवस राहतं? साधारण दोन महिन्यांचं झालं की आणतात आणि पाच महिन्यांचं झालं की त्याचे दात-नखं आणि वजन गिऱ्हाइकाच्या मांडीला झेपत नाहीत. म्हणजे तीन महिने, पाव वर्ष. सहा भागिले पाव. वर्षाला चोवीस बछडे लागतात. एका पार्काला, एका काउंटरला.

हे चोवीस येतात कुठून ते पाहू. जंगलात वाघीण पिल्लांना दीड-दोन वर्षं जवळ ठेवते आणि तोवर पुन्हा गाभण राहत नाही. दोन वेतांत दोन-अडीच वर्षांचं अंतर पडतं. पण पिल्लं मेली किंवा काढून नेली की ती काही आठवड्यांतच पुन्हा माजावर येते, आणि गर्भकाळ जेमतेम साडेतीन महिन्यांचा. म्हणजे जन्मल्यावर थोड्याच दिवसांत पिल्लं उचलली तर तीच वाघीण वर्षाला दोनदा विते. चिऊच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. आई जेवायला गेलेली नव्हती. आईला पुढच्या वेताला लावलं होतं. आणि बाटलीने दूध पाजण्याची जी माया आपल्याला फोटोत दिसते, ती बाटली लागते कारण त्या पिल्लाचं आईचं दूध तोडलेलं असतं.

हा झाला आत येण्याचा वेग. खरा प्रश्न बाहेर पडण्याचा आहे. पिंजऱ्यातला वाघ पंधरा-वीस वर्षं जगतो. पंधरा धरा. वर्षाला चोवीस, गुणिले पंधरा. तीनशे साठ मोठे वाघ त्या पार्कात आज असायला हवेत. बरीच पिल्लं लहानपणीच दगावत असतील म्हणून निम्मे करा, एकशे ऐंशी. दिवसाला माणशी, म्हणजे वाघाशी, पाच किलो मांस धरलं तर रोज नऊशे किलो. मी त्या दिवशी सगळा पार्क फिरलो. शोमधले, काचेआडचे, साखळीने बांधून मोठ्या माणसांच्या फोटोसाठी ठेवलेले, सगळे मिळून मला एकवीस वाघ दिसले.

मागे कुठेतरी आणखी पिंजरे असतील. असू देत. पन्नास? ऐंशी? तरी हिशोब लागत नाही. कुठल्याही सिस्टीममध्ये एका बाजूने सतत भर पडतेय आणि साठा वाढत नाहीये, तर दुसऱ्या बाजूने काहीतरी सतत बाहेर जातंय. आमच्याकडे जुन्या लॉग फाइल्स ठरावीक दिवसांनी आपोआप उडवतात. त्याशिवाय डिस्क भरून जाईल. वाघाच्या बाबतीत त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

हा माझा झाडाखाली बसून केलेला कागदी हिशोब. पण एका ठिकाणी दार उघडून आत पाहिलं गेलेलं आहे. कांचनाबुरी प्रांतात एक बौद्ध मठ होता, टायगर टेंपल म्हणून जगप्रसिद्ध. भगव्या वस्त्रातले भिक्षू, पायाशी लोळणारे वाघ, पर्यटकांची रीघ. अनाथ वाघांना आसरा, अशी त्याची कथा. २०१६च्या मे महिन्याच्या अखेरीस थायलंडच्या वनखात्याने तिथून वाघ हलवायला सुरुवात केली. १३७ वाघ निघाले. आणि स्वयंपाकघराच्या भागातल्या फ्रीझरमध्ये चाळीस मेलेले बछडे. शिवाय वाघाची कातडी आणि कातड्याचे तुकडे घातलेले ताईत. सरकारने ताब्यात घेतलेल्या वाघांचं पुढे काय झालं? २०१९ मध्ये अधिकाऱ्यांनीच सांगितलं की १४७पैकी ८६ मेले. जवळच्या रक्ताच्या पैदाशीमुळे त्यांच्यात रोगाशी झगडायची ताकद उरली नव्हती. म्हणजे सुटका झाली तरीही सुटका नाही.

वाघाचं कातडं, हाडं, दात ह्यांना चीन आणि व्हिएतनाममध्ये गिऱ्हाईक आहे. वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या, म्हणजे साइटिसच्या, देशांनी २००७ साली ठरवलं होतं की अवयवांच्या व्यापारासाठी वाघांची पैदास करू नये. थायलंडमध्ये आज जंगलात दोनशेच्या आसपास वाघ आहेत आणि पिंजऱ्यांत त्यांच्या कितीतरी पट. प्रत्येक पार्काच्या फाटकावर 'सेव्ह टायगर्स'ची पाटी असते. पण बाटलीवर वाढलेला, माणसाला न भिणारा, कुठल्या उपजातीचा तेही धड माहीत नसलेला वाघ जंगलात सोडता येत नाही. त्या चोवीसमधला एकही कधी जंगल बघणार नाही.

आता आपल्याकडे बघू, कारण मला चीड येते ती इथे. १४ ऑक्टोबर १९९८ला केंद्र सरकारने अधिसूचना काढून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह ह्यांना खेळ करायला शिकवण्यावर आणि त्यांचे खेळ दाखवण्यावर बंदी घातली. सर्कसवाले कोर्टात गेले. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. २०१३ मध्ये डॉल्फिनचे शो सुरू करायलाही देशभर मनाई झाली. आपल्या पिढीने सर्कशीत वाघ पाहिला नाही, तो ह्यामुळे. आणि हे आपल्याला फुकट पडलेलं नाही. मी सांगलीचा, सर्कस ही आमच्या भागाची मिरास. १८८० साली विष्णुपंत छत्र्यांनी पहिली भारतीय सर्कस उभी केली, म्हैसाळच्या देवलांची सर्कस देशभर गाजली. पुण्याचे दामू धोत्रे तर अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्सच्या तंबूत वाघ-बिबट्यांबरोबर पिंजऱ्यात उतरायचे. कर्तबगार माणसं होती. जीव धोक्यात घालून पिंजऱ्यात जायची. एवढा वारसा असूनही ह्या देशाने ठरवलं की पुरे. हजारो लोकांची रोजीरोटी त्यात गेली, तरी ठरवलं.

आणि पंचवीस वर्षांनी आपण काय करतो? जे आपल्या कोर्टाने क्रूर ठरवलं, त्याचंच तिकीट डॉलरमध्ये काढतो. दुपारी तीनच्या शोमध्ये वाघाने आगीच्या रिंगणातून उडी मारली तेव्हा प्रेक्षागृहात मराठी, गुजराती आणि हिंदी टाळ्याच जास्त होत्या. मराठी निवेदन सोडलं तर बाकी सगळी सोय आपल्यासाठी केलेली होती. कायदा पटल्यामुळे आपण इथे तसं वागत नाही, की नुसता पोलीस उभा असल्यामुळे? अमेरिकेचंच बघा. तिथे बछड्यांबरोबर फोटोचा धंदा वर्षानुवर्षं उघड चालला. २०२२च्या डिसेंबरमध्ये त्यांनी कायदा करून लोकांनी वाघ-सिंहांना आणि त्यांच्या पिल्लांना हात लावणं बंद केलं.

ह्या विषयावर बोललो की मित्र ठरावीक गोष्टी ऐकवतात. पहिली, "तू चिकन खातोस." खातो. कोंबडीचं काय होतं हे मला कुणी लपवून ठेवलेलं नाही. दुकानाबाहेर पिंजरा असतो आणि वर भाव लिहिलेला असतो. त्यावर वाद घाला, मी तयार आहे. इथे मात्र सगळा धंदाच पिल्लाचं पुढे काय होतं हे गिऱ्हाइकाच्या मनात न येण्यावर उभा आहे. दुसरी, "प्रकाश आमटे पण बिबट्या घेऊन चालायचे." हेमलकशाला आणलेली पिल्लं शिकारीत आया मेलेल्या प्राण्यांची होती. लोक आता मारून खाण्याऐवजी त्यांना जिवंत आणून देऊ लागले, हे त्या कामाचं मोल. तिथे दर तीन महिन्यांनी नवं पिल्लू लागत नव्हतं. हाच फरक आहे आणि तो पुरेसा आहे.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर आहे: तिथल्या माणसांच्या पोटाचं काय? टिचकी मारणारा तो पोरगा असेल वीसेक वर्षांचा. दिवसभर उन्हात उभा. त्याचा पगार त्या टोकनांतून निघतो हे खरं. पण त्याच पार्कात सकाळी बस चालवणारी बाई होती, जिराफाची गाजरं विकणारा होता, आमच्यासाठी दालतडका करणारा आचारी होता. आमच्या सहा जणांच्या दिवसातला सगळ्यात आनंदाचा भाग तोच होता आणि त्यासाठी कुठल्याही आईचं पिल्लू उचलावं लागलं नाही. सरकारी प्राणिसंग्रहालयं आहेतच की. मू डेंग ही गुबगुबीत पिग्मी पाणघोड्याची पिल्ली २०२४ मध्ये सगळ्या जगाच्या फोनवर होती, ती पट्टायाजवळच्याच खाओ खेओ प्राणिसंग्रहालयात जन्मली. आईजवळ राहते. तिला मांडीवर घेता येत नाही, लांबून बघायचं. तरी रांगा लागल्या. (तिथेही लोकांनी ती झोपली म्हणून तिच्यावर पाणी उडवलं, वस्तू फेकल्या आणि प्राणिसंग्रहालयाला बघायची वेळ पाच-पाच मिनिटांवर आणावी लागली. माणसं ती माणसंच.)

"मुलांना प्राण्यांबद्दल प्रेम वाटायला लागतं," हे ताईचं म्हणणं. मला उलट वाटतं. ताडोब्याला तीन-तीन सफारी करून वाघ न दिसता परत आलेली मुलं मी पाहिलीत. चिडलेली असतात, पण वाघ हा आपल्या सोयीने हजर होणारा प्राणी नाही एवढं त्यांना कळलेलं असतं. २०२२च्या गणनेत देशात ३,६८२ वाघ निघाले, त्यातले ४४४ महाराष्ट्रात. चंद्रपूरकडची माणसं त्या वाघांबरोबर राहण्याची किंमत गुराढोरांनी आणि कधी जिवानेही मोजतात. चिऊला मी वाघाबद्दल हे सांगेन. आठशे रुपये दिले की तो मांडीवर येतो, हे ती तिथे शिकली.

मग करायचं काय? बाबांना काउंटरवर अडवणं हा मार्ग नाही. सत्तर हजार भरून आलेला माणूस रांगेत उभा असताना त्याला नीतिशास्त्र सांगणं म्हणजे त्याचा दिवस नासवणं, आणि ऐकणार कुणी नाही ते वेगळंच. जे करायचं ते बुकिंगच्या आधी, आणि ते करणारे आपणच असतो. पत्रिकेत 'टायगर', 'एलिफंट राइड', 'फोटो विथ' असे शब्द शोधायचे. 'सँक्चुअरी' ह्या शब्दावर भाळायचं नाही, तो कुणीही फाटकावर रंगवू शकतो. आणि एजंटला एकच प्रश्न लेखी पाठवायचा: गेल्या वर्षी फोटोत होते ते बछडे आज कुठे आहेत? एजंटला उत्तर माहीत नसणार. पण असे पन्नास मेसेज आले की तो पार्काला विचारेल, आणि दोनशे आले की ती ओळ पत्रिकेतून गळेल. हा धंदा अतिशय बारीक कान देऊन असतो. आपल्याला जैन काउंटर हवं हे त्यांना कुणीतरी सांगितलंच होतं ना.

माझा मामेभाऊ येत्या डिसेंबरात मामा-मामींना घेऊन फुकेतला चाललाय. मी सांगितल्यावर त्याने त्याच्या एजंटला हा प्रश्न पाठवला. दोन दिवस निळ्या टिका दिसत होत्या, उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशी आलं: "सर, टायगर काढून टाकतो, नो प्रॉब्लेम. त्याऐवजी डॉल्फिन शो घालू का?"